डोळ्यांचे थेंब किती दिवस टाकायचे?



देऊळघाटच्या एका भगिनीचे पत्र आले आहे. त्या लिहितात, "माझ्या सासूबाईंना चार वर्षांपासून डोळ्यांत थेंब टाकावे लागतात. डॉक्टर म्हणाले होते, डोळे कोरडे आहेत, थेंब चालू ठेवा. आम्ही चालूच ठेवले आहेत. बाटली संपली की मुलगा मेडिकलवरून दुसरी आणतो. इतकी वर्षे एकच औषध टाकत राहिले तर काही नुकसान होते का? की थेंबच तर आहेत, पोटात थोडेच जातात?"

पत्रात सगळे होते. सासूबाईंचे वय, त्यांची शुगर, दुपारी डोळ्यांची होणारी आग. औषधाचे नाव तेवढे नव्हते. मी उलट टपाली नाव विचारले, तर उत्तर आले, "पांढरी बाटली, निळे झाकण."

यात त्या भगिनीचा दोष नाही. मी स्वतः औषधनिर्माणशास्त्र शिकले आणि दहा वर्षे चिखलीत मेडिकलच्या काउंटरवर उभी राहिले. डोळ्यांच्या थेंबांची मागणी तिथे बहुतेक वेळा अशीच येते. रिकामी बाटली पुढे सरकवायची आणि म्हणायचे, "हेच द्या." काउंटरच्या आतला माणूसही गर्दीत ते देऊन मोकळा होतो. चिठ्ठी कधीची, किती दिवसांची, हे विचारायला कोणाला सवड नसते. गोळीच्या बाबतीत आपण थोडे तरी घाबरतो. थेंबांच्या बाबतीत मात्र ते औषध आहे हेच विसरतो.

डोळे कोरडे पडण्याची तक्रार आपल्या जिल्ह्यात नवी नाही. मे महिन्यात मलकापूर-नांदुऱ्याकडचे ऊन, रात्रभर तोंडावर येणारी कूलरची हवा, जिनिंगमधला कापसाचा भुरका, सोयाबीन काढताना उडणारे कुटार, चुलीचा धूर. आता त्यात मोबाइलची भर पडली. पडद्याकडे टक लावून पाहताना आपण पापण्या कमी मिटतो. डोळ्यांवर अश्रूंचा एक पातळ थर असतो. त्यात पाणी असते, ते बुबुळाला धरून ठेवणारा चिकट भाग असतो आणि वरून तेलाची साय असते. हे तेल पापण्यांच्या कडांवरच्या बारीक ग्रंथींतून येते. तेल कमी पडले की पाणी लवकर उडून जाते. मग डोळ्यांत वाळू गेल्यासारखे खुपते, आग होते आणि कधी कधी उलट भळाभळा पाणी येते. "डोळ्यांतून पाणी वाहते, मग डोळे कोरडे कसे?" असे बायका मला विचारायच्या. खुपणाऱ्या डोळ्याला धुऊन काढण्यासाठी शरीराने सोडलेले ते पाणी असते. ते टिकत नाही.

पाळी गेलेल्या बायकांत, मधुमेह असलेल्यांत आणि सर्दी-खाजेच्या गोळ्या, नैराश्याच्या काही गोळ्या किंवा ब्लडप्रेशरसाठी लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांत ही तक्रार जास्त दिसते. डोळ्यांबरोबर तोंडही कोरडे पडत असेल आणि सांधे दुखत असतील, तर ते डॉक्टरांना जरूर सांगा. तो वेगळा आजार असू शकतो.

थेंब म्हणजे नेमके काय?

कोरड्या डोळ्यांसाठी म्हणून जे थेंब घरात येतात, ते सगळे एक नसतात. बाटल्या सारख्या दिसतात, पण आतला माल अगदी वेगळा.

सगळ्यात साधे म्हणजे कृत्रिम अश्रू. बाटलीवर कार्बॉक्सीमिथाइलसेल्युलोज, हायप्रोमेलोज किंवा सोडियम हायलुरोनेट असे लिहिलेले असते. यांचे काम ओलावा देण्याचे. हे वर्षानुवर्षे टाकता येतात, फक्त एक गोष्ट बघावी लागते. बाटली उघडल्यावर आत जंतू वाढू नयेत म्हणून तिच्यात एक परिरक्षक घातलेला असतो. फार वापरला जाणारा परिरक्षक म्हणजे बेंझाल्कोनियम क्लोराइड. जंतू मारतो, पण दिवसातून बऱ्याच वेळा आणि वर्षानुवर्षे डोळ्यांत गेला, तर बुबुळावरच्या नाजूक पेशींना आणि त्या तेलाच्या सायीलाही त्रास देतो. म्हणजे ज्या कोरडेपणासाठी थेंब टाकले, तोच वाढतो. दिवसातून चारपेक्षा जास्त वेळा थेंब लागत असतील, तर डॉक्टर परिरक्षक नसलेले किंवा सौम्य परिरक्षकाचे थेंब देतात. ते थोडे महाग पडतात. आपल्याकडच्या औषध नियमांनुसार परिरक्षकाचे नाव आणि प्रमाण बाटलीवर छापावेच लागते, म्हणून भिंग घेऊन का होईना, एकदा वाचून बघा.

दुसरे सायक्लोस्पोरिनचे थेंब. हे मूळचे किडनी बसवलेल्या रुग्णांचे औषध. अगदी कमी प्रमाणात डोळ्यांत टाकले तर अश्रू तयार करणाऱ्या भागाची सूज उतरवते. अमेरिकेत डोळ्यांच्या कोरडेपणासाठी ते डिसेंबर २००२ मध्ये मंजूर झाले, आपल्याकडेही मिळते. याची अडचण अशी की गुण यायला तीन-तीन, कधी सहा महिने लागतात आणि टाकताना मात्र पहिल्या दिवसापासून झोंबते. बायका पंधरा दिवसांत बाटली बाजूला ठेवतात आणि म्हणतात, याने काहीच झाले नाही. थोडी आग होणे अपेक्षित आहे, ते आधी माहीत असले तर माणूस धीर धरतो.

तिसरे लाली घालवणारे थेंब. लग्नाच्या घरात हे हमखास सापडतात. रक्तवाहिन्या आकसून डोळा पांढराशुभ्र दिसतो, पण असर उतरला की लाली पहिल्यापेक्षा जास्त. कोरड्या डोळ्यांवर याचा काही उपयोग नाही.

आणि चौथे स्टिरॉइडचे थेंब. नावे अशी असतात: डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन, फ्लुओरोमेथोलोन, लोटेप्रेडनॉल. कधी ती एकटी असतात, कधी एखाद्या जंतुनाशकाशी जोडून येतात. जोडून आलेल्या बाटलीवर जंतुनाशकाचे नाव आधी असले की लोक तिला "इन्फेक्शनचा ड्रॉप" म्हणतात, आणि दुसरे नाव वाचायचे राहून जाते. स्टिरॉइड वाईट नाही. कोरडेपणामुळे डोळ्यांना फार सूज आली असेल, तर डॉक्टर ते मुद्दाम देतात, थोड्या दिवसांसाठी, हळूहळू कमी करत. अमेरिकेत २०२० मध्ये खास कोरड्या डोळ्यांसाठी मंजूर झालेल्या लोटेप्रेडनॉलच्या थेंबांनासुद्धा परवानगी आहे ती दोन आठवड्यांपर्यंतच्या वापराची.

दोन आठवडे. हा आकडा मी का लिहिते आहे, ते सांगते.

खालाची बाटली

माझी खाला मेहकरला राहते. सहा-सात वर्षांपूर्वी तिचे डोळे फार चुरचुरायचे. तिथल्या एका डॉक्टरांनी तपासून पंधरा दिवसांचे थेंब लिहून दिले. पंधरा दिवसांत आराम पडला. थेंब बंद केले, तर महिन्याभरात चुरचुर परत. खालाने रिकामी बाटली मुलाच्या हातात दिली, मुलाने मेडिकलवरून तशीच दुसरी आणली. मग तिसरी. चिठ्ठीवर पंधरा दिवस लिहिलेले होते, पण चिठ्ठी कोण बघतो? "बेटी, इससे ठंडक पड़ती है," ती मला सांगायची. ठंडक पडत होती हे खरेच. स्टिरॉइडने आग आणि लाली लगेच उतरते. म्हणूनच तर ते सोडवत नाही.

असे तीन वर्षे चालले. एका ईदला ती अंगणातून येताना पायरीवर अडखळून पडली. डाव्या बाजूची पायरी दिसलीच नाही म्हणाली. आम्ही तिला अकोल्याला नेले. डोळ्यांतला दाब साधारण १० ते २१ च्या दरम्यान असतो. खालाच्या एका डोळ्यातला ३१ निघाला, दुसऱ्यातला ३८. डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी नस दाबाने झिजली होती. डाव्या डोळ्याची कडेची नजर बरीचशी गेली होती, आणि भिंगावर मागच्या बाजूने मोतीबिंदूही धरला होता.

मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले. काचबिंदूने गेलेली नजर मात्र परत येत नाही, राहिलेली तेवढी सांभाळायची. काचबिंदूत दुखत नाही, डोळा लाल होत नाही. समोरचे स्वच्छ दिसत असते, कडेचे हळूहळू पुसले जाते, आणि माणसाला वाटते वय झाले.

दर ईदला मी त्या घरी शीरखुर्मा खाल्ला आहे. ती बाटली खिडकीत उभी असायची. मी औषधांचे शिक्षण घेतलेली बाई, उचलून पाठीमागचे नाव एकदाही वाचले नाही.

स्टिरॉइडच्या थेंबांनी प्रत्येकाचा दाब असा वाढत नाही. साधारण तीन माणसांत एकाचा थोडाफार वाढतो, शंभरात चार-पाच जणांचा फार वाढतो. कोणाचा वाढेल हे आधी चेहऱ्यावरून कळत नाही. ज्यांच्या घरात आई-बाप किंवा भावंडांना काचबिंदू आहे, ज्यांना मधुमेह आहे, ज्यांच्या चष्म्याचा उणे नंबर मोठा आहे, त्यांना धोका जास्त. दाब वाढतो तो बहुधा थेंब सुरू केल्यावर काही आठवड्यांत. तेव्हाच मोजला तर थेंब बंद करून बहुतेकांचा दाब उतरतो आणि नस वाचते. मोजायला पाच मिनिटे लागतात. डोळ्यांच्या कोणत्याही डॉक्टरकडे किंवा जिल्हा रुग्णालयाच्या नेत्र विभागात तो मोजता येतो. खालाचा तीन वर्षांत एकदाही मोजला गेला नाही, कारण थेंब देणारे कोणी डॉक्टर उरलेच नव्हते.

शेतकरी घरांसाठी एक गोष्ट वेगळी सांगते. पऱ्हाटी किंवा तुराटी डोळ्याला लागली, कुटाराचा कण आत गेला, आणि घरात पडलेले हे थेंब कोणी टाकले, तर घात होतो. अशा जखमेत बुरशी वाढू शकते आणि स्टिरॉइड तिला मोकळे रान देते. शेतात डोळ्याला काही लागले, तर जुनी बाटली उघडू नका, सरळ डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा.

औषध बाजारात आल्यावर

आता त्या भगिनीच्या मूळ प्रश्नाकडे येते. औषध मंजूर होते तेव्हा ते किती दिवस तपासलेले असते? लिफिटेग्रास्ट नावाचे थेंब अमेरिकेत २०१६ मध्ये आले. ते गुणकारी आहेत की नाही हे पाहणाऱ्या मुख्य चाचण्या १२ आठवड्यांच्या होत्या. सुरक्षितता पाहण्यासाठी सुमारे ३३० जणांवर वेगळी चाचणी केली, ती एका वर्षाची. सायक्लोस्पोरिनच्या मूळ चाचण्यांतल्या ४१२ रुग्णांवर पुढे तीन वर्षांपर्यंत नजर ठेवली गेली आणि त्यात मोठे काही निघाले नाही. ही चांगली गोष्ट. पण देऊळघाटच्या सासूबाईंचे आताच चौथे वर्ष चालू आहे. शिवाय चाचणीत माणसे निवडून घेतात. शुगर हाताबाहेर गेलेली, पाच गोळ्या चालू असलेली, कुटारात काम करणारी बाई त्यात बहुधा नसते.

म्हणून औषध बाजारात आले की पाहणी संपत नाही. आपल्याकडे २०१९ च्या नव्या औषधांच्या नियमांप्रमाणे कंपनीला नव्या औषधाच्या सुरक्षिततेचा अहवाल सरकारला द्यावा लागतो. पहिली दोन वर्षे दर सहा महिन्यांनी, पुढची दोन वर्षे वर्षातून एकदा. पण त्या अहवालात येणार काय? रुग्णाने डॉक्टरला सांगितले, डॉक्टरने वर कळवले, तरच काही येणार. घरात बसून "माझ्याच नशिबात" म्हटले, तर कागद कोराच राहतो.

असे कळवण्याने काय होते, याची दोन उदाहरणे देते. दोन्ही डोळ्यांचीच आहेत.

इंग्लंडमध्ये १९७० मध्ये प्रॅक्टोलॉल नावाची हृदयविकाराची गोळी आली. आधी तपासलेली, डॉक्टरांच्या भरवशाची. चार-पाच वर्षांनी लंडनच्या मूरफिल्ड्स या डोळ्यांच्या रुग्णालयात पीटर राइट नावाच्या डॉक्टरांना काही रुग्ण असे दिसू लागले, ज्यांचे अश्रू जवळजवळ आटले होते आणि बुबुळावर जखमा होत्या. कारण समजेना. राइट यांनी त्यांना विचारले, दुसरे कोणते औषध चालू आहे? उत्तर तेच येत राहिले. १९७५ मध्ये त्यांनी हे छापून सगळ्यांसमोर ठेवले, आणि त्याच वर्षी गोळ्या बाजारातून गेल्या. काहींची नजर तोवर गेली होती. हृदयाच्या गोळीचा डोळ्यांशी काय संबंध, असे म्हणून ते गप्प बसले असते तर? म्हणून डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाताना घरातल्या सगळ्या गोळ्यांची पिशवी सोबत न्या, शुगर-बीपीच्याही.

दुसरी गोष्ट अलीकडची, आणि ती आपल्या देशातून सुरू होते. चेन्नईजवळच्या ग्लोबल फार्मा हेल्थकेअर या कंपनीने बनवलेले एझ्रीकेअर नावाचे कृत्रिम अश्रू अमेरिकेत विकले जात होते. परिरक्षक नसलेले, पण अनेक दिवस वापरायच्या बाटलीतले. मे २०२२ पासून तिथल्या वेगवेगळ्या राज्यांत काही रुग्णांना असा एक जंतू आढळू लागला, ज्याच्यावर बहुतेक अँटिबायोटिके चालेनात. एक रुग्ण इथे, दुसरा हजार मैलांवर. प्रत्येक डॉक्टरला वाटले असेल, हा आपलाच एकटा रुग्ण. पण त्यांनी ते कळवले, रोगनियंत्रण केंद्राने जंतूंची कुळी जुळवून पाहिली, रुग्णांना काय काय वापरले ते विचारले, आणि धागा डोळ्यांच्या थेंबांपाशी आला. फेब्रुवारी २०२३ मध्ये माल परत मागवला गेला. तोवर आणि त्यानंतर मिळून १८ राज्यांत ८१ रुग्ण सापडले. १४ जणांची नजर गेली, चौघांचा डोळा काढावा लागला, चौघांचा मृत्यू झाला. अमेरिकेत रुग्णांच्या उघडलेल्या बाटल्यांत तो जंतू मिळाला. तामिळनाडूच्या औषध खात्याने कंपनीकडचे नमुने तपासून त्यांत दोष आढळला नाही असे सांगितले. तो वाद बाजूला ठेवू. मला त्यातून घ्यायचे ते एवढेच की साधे कृत्रिम अश्रू, ज्यांना मी वर सगळ्यात निरुपद्रवी म्हटले, त्यांच्यावरसुद्धा नजर ठेवावी लागते, आणि ती नजर रुग्णाच्या तोंडून सुरू होते.

आपल्या जिल्ह्यालाही याचा अनुभव आहे. जानेवारी २०२५ मध्ये शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा या गावांत लोकांचे केस अचानक गळू लागले. पहिल्यांदा लोकांनी शाम्पूला दोष दिला, काहींनी लाजून डोक्याला रुमाल बांधला. गावांनी मिळून कळवले तेव्हा आरोग्य खाते आले, पाण्याचे नमुने गेले, आयसीएमआरचे पथक आले. पुढे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी गव्हातल्या सेलेनियमकडे बोट दाखवले. एकट्याचे केस गळाले असते तर ती घरातलीच गोष्ट राहिली असती.

औषधाचा दुष्परिणाम कळवण्यासाठी देशात २०१० पासून एक यंत्रणा आहे. गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनकडून ती चालते. १८००-१८०-३०२४ हा तिचा फुकटचा फोन आहे. डॉक्टरच पाहिजे असे नाही, रुग्ण किंवा घरचे माणूसही कळवू शकते, त्यासाठीचा साधा फॉर्म मराठीतही आहे. औषधाचे नाव, बॅच नंबर, कधी सुरू केले, काय झाले, कधी झाले, एवढे लागते. दुष्परिणाम औषधामुळेच झाला हे सिद्ध करायची जबाबदारी आपली नाही. ही नोंद म्हणजे डॉक्टरवर तक्रारही नाही, आणि हे सांगणे गरजेचे आहे, कारण आपल्याकडे लोक "डॉक्टरसाहेबांना राग येईल" म्हणून गप्प राहतात. बुलढाण्यात २०२४ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे. फोन जमत नसेल, तर तिथल्या औषधशास्त्र विभागात विचारा, हा त्याच विभागाचा विषय.

पण बॅच नंबर सांगायचा तर खोके जवळ पाहिजे, आणि खोके तर आपण बाटली काढल्याबरोबर फेकतो. म्हणून खालाच्या प्रकरणानंतर आमच्या घरात एक वही आली. साधी, मुलांची उरलेली. त्यात थेंबांचे नाव, कोणी लिहून दिले, किती दिवसांसाठी, बाटली कधी उघडली, आणि डोळ्यांतला दाब शेवटचा कधी मोजला. खोक्यावरचे छापील नाव कापून त्याच पानावर चिकटवतो. खोक्यावर डाव्या बाजूला लाल उभी रेघ असेल, तर ते औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचेच नाही. मेडिकलवाला देत असला तरी.

बाटली उघडल्यापासून महिन्यात टाकून द्यायची, आत अर्धे औषध उरले असले तरी. बाटलीवरच तसे छापलेले असते, पण अक्षर मुंगीएवढे. छापील एक्स्पायरी बंद बाटलीची असते, उघडलेल्या बाटलीची नव्हे. परिरक्षक नसलेल्या छोट्या कुप्या उघडल्या त्या दिवसापुरत्याच. "पोटात थोडेच जातात" हे तर अजिबात खरे नाही. डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातून एक नळी नाकात उतरते, म्हणून तर थेंब टाकल्यावर घशात कडू लागते. तिथून औषध रक्तात जाते. काचबिंदूच्या काही थेंबांनी दम्याच्या माणसाला धाप लागू शकते ती याच वाटेने. थेंब टाकला की डोळा मिटून तो कोपरा बोटाने मिनिटभर दाबून धरा. एकच थेंब टाका, दोन टाकले तर दुसरा गालावरून ओघळतो आणि बाटली लवकर संपते, एवढाच फायदा कंपनीचा. दोन वेगवेगळे थेंब असतील तर मध्ये पाच मिनिटे जाऊ द्या. बाटलीचे टोक पापणीला लावू नका. आणि घरात एकाची बाटली दुसऱ्याला नको, मग ती सासू-सुनेची का असेना.

वजूचा विचार करून वेळा ठरवा. थेंब टाकून लगेच तोंड धुतले तर औषध वाहून जाते, म्हणून आधी वजू, मग थेंब. फजर आणि इशानंतरची वेळ बऱ्याच जणींना सोयीची पडते, विसरायला होत नाही.

रोजात थेंब टाकावेत का, हा प्रश्न दर रमजानला येतो. आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीच्या १९९७ च्या जेद्दाह अधिवेशनात डोळ्यांच्या थेंबांनी रोजा तुटत नाही असे ठरले. घशात आलेली चव गिळू नये, एवढे सांभाळायचे. तरी मन मानत नसेल तर आपल्या आलिमांना विचारा, आणि सायक्लोस्पोरिनसारखे दिवसातून दोनदाचे थेंब सहरी आणि इफ्तारला बसवता येतात का, हे डॉक्टरांना विचारा. काचबिंदूचे थेंब मात्र मनाने बंद करू नका. महिनाभरात नसेचे जे नुकसान होईल ते ईदनंतर भरून येत नाही.

सुरम्याबद्दल दोन शब्द. बाजारात सुरमा म्हणून मिळणारा बराचसा दगड हा शिशाचा असतो, आणि शिसे लहान मुलांच्या मेंदूला घातक आहे. डोळ्यांचा इलाज चालू असताना तरी ती डबी बाजूला ठेवा. भुकटीचा कण कोरड्या डोळ्याला वाळूसारखाच घासतो.

हे सगळे लिहून झाले तेव्हा देऊळघाटच्या भगिनीने मुलाच्या मोबाइलवरून बाटलीचा फोटो पाठवला. कार्बॉक्सीमिथाइलसेल्युलोज ०.५ टक्के, परिरक्षक सौम्य जातीचा, स्टिरॉइड नाही. माझा जीव भांड्यात पडला. सासूबाईंना शुगर आहे, म्हणून दाब आणि पडदा एकदा तपासून घ्या असे मी त्यांना लिहिले, आणि बाटली कधी उघडली ते विचारले. उत्तर आले, "बकरी ईदच्या आधी."

बकरी ईद होऊन तीन महिने झाले आहेत. ती बाटली आज टाका.